गिटारच्या पोटातलं सोलापूर

जुनी इलेक्ट्रिक गिटार कुणाच्या माळ्यावर सापडली, की पहिला फोटो निघतो तिच्या डोक्याचा, कारण कंपनीचं नाव तिथे असतं. दुसरा समोरून, भिंतीला टेकवून. खाली एकच ओळ: ही कुठली आहे, सांगाल का? बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट आणि खुद्द सोलापुरातून असे फोटो मला येत असतात. साउंडवाल्यांचे अँप्लिफायर दुरुस्त करणं हे माझं काम. त्या ओघात गिटारही टेबलावर येऊ लागल्या आणि त्यांची ओळख पटवायचं वेड लागलं. उत्तर देण्याआधी मी पाठीचा फोटो मागतो, तारांखाली बसवलेल्या, त्यांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपचा जवळून मागतो, आणि स्क्रू काढायची तयारी असेल तर समोरची प्लॅस्टिकची पट्टी उचलून आतला मागतो. इथे बरेचजण हिरमुसतात. नाव तर समोर दिसतंय, मग आत काय बघायचं, असं त्यांना वाटतं.

माझा सगळ्यात कमी विश्वास त्या नावावरच असतो. गिटारवरची सगळ्यात सहज बदलता येणारी गोष्ट म्हणजे डोक्यावरची अक्षरं. त्यात आपल्या भागाचा इतिहास वेगळा. १९९१ च्या आधी परदेशी वाद्य आणायचं म्हणजे परवाना, जकात आणि मुंबईतली ओळख. रात्री ऑर्केस्ट्रात वाजवून दिवसा नोकरी करणाऱ्या माणसाला ते कुठून जमणार? मग कुणी कोलकात्यात बनलेली गिटार घेतली, कुणी बोटीवरून मुंबईत उतरलेली जपानी मिळवली, कुणी सुताराकडून सागाची फळी कापून घेतली आणि बाकीचे भाग जमतील तसे जमवले. वाद्य उभं राहिलं, की दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडून डोक्यावर ‘फेंडर’ किंवा ‘गिब्सन’ असं अमेरिकन कंपनीचं नाव लिहून घ्यायचं. त्यात कुणाला फसवायचा हेतू नव्हता. जे वाद्य फक्त कॅसेटच्या कव्हरवर पाहिलं होतं, त्याच्या जवळ जाण्याची ती ओढ होती. मला त्या अक्षरांबद्दल माया आहे. पण ओळख पटवायला बसलेल्या माणसाने तिथे थांबायचं नसतं.

बाहेरून बघताना मी आधी नेक, म्हणजे गिटारची लांब मान, अंगाला कसा जोडलाय ते बघतो. पाठीवर चार स्क्रूंची चौकोनी धातूची पट्टी असेल तर नेक वेगळा करून बसवलेला आहे. हा फेंडरचा घराणेदार मार्ग. लिओ फेंडर कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचे आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने त्यांनी वाद्य घडवलं, म्हणून प्रत्येक भाग स्क्रू काढून बदलता येतो. आमच्या धंद्यातल्या माणसाला या गोष्टीचा फार आनंद होतो. त्यांची ‘ब्रॉडकास्टर’ १९५० ची, तिलाच १९५१ मध्ये ‘टेलिकास्टर’ हे नाव मिळालं, आणि ‘स्ट्रॅटोकास्टर’ आली १९५४ मध्ये. गिब्सनच्या लेस पॉलचा नेक मात्र सरसाने कायमचा चिकटवलेला. १९५२ पासून तसाच. गिब्सनचं डोकं मागे झुकलेलं, खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन. फेंडरचं डोकं सपाट आणि सहाही खुंट्या एका ओळीत. गिब्सनच्या डोक्यावर ट्रस रॉडचं, म्हणजे नेकमधल्या पोलादी सळईचं, छोटं झाकण असतं, त्याला दोन स्क्रू असतात. तिथे तीन दिसले तर मी पुढचं सगळं जास्त बारकाईने बघतो.

मग शिंप्याचा टेप काढायचा. डोक्याजवळच्या नटपासून (जिथे तारा टेकतात) बाराव्या फ्रेटपर्यंतचं (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) अंतर मोजून दुप्पट केलं की तारेची वाजती लांबी मिळते. फेंडरची साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनची पावणेपंचवीसच्या घरात, ६२८ मिलिमीटरच्या आसपास. रंग बदलतो, पट्टी बदलते, खुंट्या बदलतात. फ्रेटमधली ही अंतरं मात्र एकदा करवत फिरली की कायमची. फोटोतही टेप ठेवून पाठवलात तर निम्मं काम होतं.

फ्रेटबोर्डचं लाकूडही बोलतं. फेंडरने १९५९ पासून त्यासाठी ब्राझीलचं रोझवूड सर्रास वापरलं, पण साठच्या दशकाच्या मध्यापासून त्याची जागा आपल्याकडच्या शिसवीने घेतली. कर्नाटक-केरळच्या डोंगरांतली शिसवी अमेरिकेतल्या गिटारच्या नेकवर गेली, तिथून फिरत-फिरत कधी सोलापुरात आली, की मला तिच्याकडे थोडं जास्तच बघावंसं वाटतं. आपल्या कोरड्या हवेत ती आकसते आणि फ्रेटची टोकं तळहाताला टोचायला लागतात. उन्हाळ्यानंतर येणाऱ्या बहुतेक गिटारींची ही तक्रार असते.

हे सगळं झालं तरी खरी ओळख पिकअपशी होते. इथे मी रेंगाळणार आहे, कारण माझा जीव इथेच आहे.

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा विजेचा प्रवाह उमटतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. विजेवरची पहिली विक्रीला आलेली गिटार मांडीवर ठेवून सळईने वाजवायची हवायन गिटार होती, रिकनबॅकरची, १९३२ च्या सुमाराची. आपल्याकडे हवायन गिटार किती मनापासून वाजवली गेली हे आठवलं की ही सुरुवात परकी वाटत नाही.

स्ट्रॅटोकास्टरवर तीन अरुंद पिकअप असतात. ब्रिजजवळचा, म्हणजे तारा अंगावर टेकतात त्या बाजूचा, तिरका बसवलेला. प्रत्येकात सहा गोल दांडे, आणि ते दांडे स्वतःच चुंबक असतात. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्रधातूचे, म्हणून ‘अल्निको’. स्वस्त नकलेत दांडे साध्या लोखंडाचे असतात आणि खाली काळसर सिरॅमिक चुंबकाची कांडी चिकटवलेली असते. वरून दोन्ही सारखेच दिसतात. प्लॅस्टिकची पट्टी उलटी केली की क्षणात निकाल लागतो, आणि म्हणूनच मी तो आतला फोटो मागत असतो.

जुन्या स्ट्रॅटमध्ये हे सहा दांडे एका उंचीचे नसतात. तिसऱ्या तारेचा दांडा उंच, दुसऱ्या तारेचा खाली दबलेला. पन्नासच्या दशकात तिसरी तारही गुंडाळलेली, जाड असायची आणि पिकअपपर्यंत तिचा आवाज कमी पोहोचायचा. तिला वर आणण्यासाठी दांडा वर घेतला. पुढे तिसरी तार साधी, उघडी झाली. त्या जुन्या उंचीवर ती आता इतर तारांच्या वर ओरडते. म्हणजे त्या काळी दुकानात कुठल्या तारा मिळत होत्या, हेही पिकअपच्या दांड्यांत वाचता येतं. मला हे विलक्षण वाटतं.

टेलिकास्टरला दोनच पिकअप. ब्रिजजवळचा तिरका, धातूच्या मोठ्या ब्रिज-प्लेटमध्येच बसवलेला आणि खाली तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी पत्र्यावर टेकलेला. नेकजवळचा चकचकीत पत्र्याच्या टोपीखाली झाकलेला. गिब्सनचा पी-९० हा १९४६ चा. तोही एकाच कॉइलचा, म्हणजे वेढ्यांच्या एकाच गुंडाळीचा, पण रुंद आणि बसका. मधोमध सहा स्क्रू, वरखाली करता येणारे. तो कडेच्या तिकोनी कानांनी अंगावर बसवलेला असेल तर ‘डॉग-इअर’ आणि कान नसलेला असेल तर ‘सोपबार’. लेस पॉलवर १९५७ पर्यंत हेच होते. नंतर आला हमबकर.

हमबकरची गरज समजून घ्यायची तर आमच्या पूर्व भागात यावं. एकेका बोळात यंत्रमाग, प्रत्येक मागाला मोटार. त्या भागातल्या घरात एका कॉइलची गिटार अँपला जोडली, की तार न छेडताही घूं ऐकू येते. विजेची ५० हर्ट्झची घरघर तांब्याचे वेढे हवेतूनच पकडतात, कारण कॉइलला गिटारची तार आणि मोटारीचं क्षेत्र यांतला भेद कळत नाही. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्यासाठी पेटंटचा अर्ज केला, ती युक्ती अशी: दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, त्यांच्या चुंबकांची टोकं उलटी आणि त्यांचे वेढेही एकमेकांना उलटे. बाहेरून आलेली घरघर दोन्हींत विरुद्ध उमटते आणि एकमेकींना खाते. गिटारच्या तारेचा आवाज मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा होतो आणि त्याची बेरीज होते. अर्ज मंजूर व्हायच्या आधीच्या पिकअपखाली ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची छोटी पट्टी चिकटवलेली असायची. त्या चिकटपट्टीसाठी आज लोक लाखांनी पैसे मोजतात आणि ती चिकटपट्टी नकली बनवून विकणारेही आहेत. तांब्याच्या वेढ्यांची नक्कल त्या मानाने अवघड.

म्हणून मीटर जवळ असावा. स्ट्रॅटचा पिकअप साधारण साडेपाच ते साडेसहा हजार ओहम दाखवतो. पी-९० आठ हजाराच्या आसपास, जुना हमबकर साडेसात ते साडेआठ. हे आकडे वाचताना सोलापूर विसरू नका. तांब्याचा रोध एका अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. पुस्तकातला आकडा २० अंशांचा असेल आणि आपण एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांत मोजत असू, तर मीटर आठ-नऊ टक्के जास्त सांगणार. अशा वेळी पिकअप बदललेला आहे असा निष्कर्ष काढणं म्हणजे त्या गिटारवर अन्याय. शिवाय पिन लावायच्या भोकातून मोजत असाल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवा.

व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे बटणाखालचा आवाज कमीजास्त करणारा भाग, हाही बोलका साक्षीदार. अमेरिकन पॉटच्या पाठीवर अंक ठोकलेले असतात. सुरुवात १३७ ने असेल तर तो सीटीएस कंपनीचा, ३०४ ने असेल तर स्टॅकपोल कंपनीचा. पुढचे दोन अंक साल आणि शेवटचे दोन आठवडा. १३७७६३३ म्हणजे सीटीएस, १९७६, तेहेतिसावा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, निदान तो पॉट बदललेला नसेल तर. आणि बदललेला आहे की नाही हे सोल्डरच्या टाक्याला विचारायचं. जुना टाका मंदावलेला, राखाडी असतो. दुसऱ्यांदा सोल्डरची इस्त्री टेकवलेली असली की त्याच्याभोवती राळेचा पिवळा डाग राहतो. एका कॉइलच्या गिटारला बहुधा २५० के (किलो-ओहम) चा पॉट, हमबकरवाल्या गिटारला ५०० के चा. पिकअप एका जातीचे आणि पॉट दुसऱ्या, असं दिसलं की कुणीतरी मध्ये हात घातलाय हे नक्की.

असाच हात घातलेली एक गिटार मला सगळ्यात प्रिय आहे.

ती एका काकांची. ते गणपतीत आणि गड्डा यात्रेच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, एरवी गिरणीत कामाला जायचे. गिरणी बंद पडली, ऑर्केस्ट्राही पांगला, गिटार राहिली. तांबडा रंग, कडेला काळा होत गेलेला. डोक्यावर सुबक पांढऱ्या अक्षरांत फेंडर. काकांच्या पुतण्याला ती विकायची होती आणि घेणाऱ्याला मॉडेल कोणतं ते हवं होतं. गिटार घेऊन दोघंही आले. मी पाठ उलटी करून भिंगाने पट्टी बघायला लागलो, तर काका अस्वस्थ झाले.

“काय बघूलालास एवढं? वाजतंय का ते बघ की आधी.”

“वाजतंय ते कळलं काका. कुठली आहे ते शोधतोय.”

“फेंडर लिहिलंय की त्याच्यावर. चाटी गल्लीतल्या पेंटरनं लिहिलंय, मी समोर बसून लिहून घेतलंय.”

त्यांनी काहीच लपवलं नव्हतं. पुतण्याचा चेहरा मात्र उतरला.

पाठीवरच्या पट्टीवर, गंजाखाली, इंग्रजीत दोन ओळी ठोकलेल्या होत्या: नेकमध्ये पोलादी सळई आहे, आणि जपानमध्ये बनलेली. साठच्या दशकात जपानमधून जगभर गेलेल्या गिटारींच्या पाठीवर ही पट्टी सर्रास दिसते. डोक्यावर खुंट्या वर चार आणि खाली दोन. नटच्या पुढे एक जादा फ्रेट, झिरो फ्रेट, फेंडरवर न सापडणारा. प्रत्येक पिकअपला वेगळा खटका, दिव्याच्या बटणासारखा खालीवर होणारा. पॉटचे दांडे बारीक, मिलिमीटरच्या मापाचे. अमेरिकन बटणं त्यावर नीट बसणार नाहीत. आणि नेकजवळचा पिकअप: चकचकीत पत्र्याची चौकट आणि तिच्या कापलेल्या जागेतून चमकणारा सोनेरी कागद. हाच तो ‘गोल्ड फॉइल’. त्या सोनेरी कागदाचा आवाजाशी संबंध नाही, तो शोभेचा. खाली रबरासारख्या फेराइट चुंबकाची पट्टी आणि बसकी कॉइल. टेइस्को आणि कावाई या दोन नावांच्या घरातली ती गिटार होती. १९६७ मध्ये कावाईने टेइस्को विकत घेतली आणि पुढे काही काळ दोन्ही घरांची वैशिष्ट्यं एकमेकांत मिसळत गेली. याच गिटारी अमेरिकेत आयातदारांनी आपापल्या डझनभर नावांनी विकल्या, त्यामुळे सारखं अंग आणि डोक्यावर वेगळी नावं हा त्यांचा स्वभावच. एके काळी त्या हलक्या समजल्या जात. आता गोल्ड फॉइलचा उबदार, किंचित मळकट आवाज मुद्दाम शोधला जातो आणि नवे कारागीर त्याच्या नकला करतात.

इथवर मॉडेलचं काम निम्मं झालं होतं. ब्रिजजवळचा पिकअप काढला आणि मी कामच थांबवलं.

चौकट तीच, सोनेरी कागद तोच. आत मात्र तपकिरी, कडक झालेली, वार्निशचा वास अजून धरून ठेवलेली कॉइल. तिच्यावर सुती टेप, एकावर एक अर्धी चढवत गुंडाळलेली, टोक दोऱ्याने बांधलेलं. बाहेर पडणाऱ्या दोन तारांवर पिवळ्या स्लीव्ह. हे जपानमधल्या कारखान्याचं काम नव्हतं. पंप नाहीतर मागाची मोटार उघडून पाहिलेल्या कुणालाही ते हात ओळखीचे वाटले असते.

काकांना विचारलं. एका कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो पिकअप मुका झाला होता. पूर्व भागात मागाच्या मोटारी भरणारा, म्हणजे त्यांच्यात तांब्याची तार नव्याने गुंडाळणारा, एकजण त्यांच्या ओळखीचा होता. त्याने तो हातात घेऊन फिरवून पाहिला, तेलुगूत शेजारच्याला काहीतरी म्हणाला आणि मराठीत सांगितलं, “ठेवून जावा. उद्या सकाळी या.” गिटारचा पिकअप त्याने आधी कधी पाहिला नव्हता. पण तांब्याची कॉइल ती कॉइल. रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आणलेली सगळ्यात बारीक तार त्याच्याकडे होती, ती त्याने भरली. मोटारीला करतात तसं वार्निशमध्ये बुडवलं, वाळवलं, टेप चढवली. काका सकाळी घेऊन गेले आणि रात्री वाजवलं.

आता मीटर लावला. नेकजवळचा पिकअप पाच हजार ओहमच्या थोडा वर. ब्रिजजवळचा हजाराच्याही खाली. तार साधारण ०.१ मिलिमीटरची, म्हणजे कारखान्याच्या तारेच्या दीडपटीहून जाड. त्यामुळे तेवढ्याच जागेत वेढे कमी बसले आणि रोधही उतरला. आवाज त्यामुळे लहान, पण धारदार, काचेसारखा स्वच्छ. मग मी स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने दोन्ही पिकअपवर हलकेच टिचकी मारली. जपानी पिकअपने स्पीकरमधून ‘टक’ असा मोठा आवाज दिला. मेणात न बुडवलेल्या कॉइलचे सुटे वेढे असे थरथरतात, आणि आवाज मोठा केला की अशीच गिटार किंचाळायला लागते. सोलापूरचा पिकअप मूक राहिला. वार्निशने त्याचा एकेक वेढा दगडासारखा धरून ठेवला होता. मागाच्या मोटारीसाठी शिकलेली शिस्त गिटारला लाभली होती.

पुतण्याने विचारलं, मग हा पिकअप ओरिजिनल नाही म्हणायचा? मी म्हटलं, जपानच्या कारखान्याचा नाही. तो म्हणाला, मग किंमत उतरणार.

या मुद्द्यावर मी ठाम आहे, आणि सोलापूरकराला ते पटवायला फार बोलावं लागू नये. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी भलतीकडे विणलेल्या चादरींवर आपल्या गावाचं नाव छापलेलं आपण बघतो. लेबल वाचून चादर घेणारा फसतो. जुना गिऱ्हाईक चादर उलटी करतो, तिथे तीच नक्षी रंग पालटून उतरली आहे का बघतो, काठ चिमटीत धरतो. ज्याने विणलं त्याचं काम कापडात असतं. गिटारचंही तसंच. जपानी कंपन्यांवर नकलेचा आरोप झाला, तेव्हा तोही डोक्यावरूनच झाला. गिब्सनच्या मालक कंपनीने १९७७ मध्ये आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला तो डोक्याच्या आकारासाठी. त्याच काळातल्या त्या नकला आतून इतक्या नेटक्या निघाल्या, की आज त्या स्वतःच्या नावाने शोधल्या जातात. कुणी कुठे काय केलं हे खरं-खरं सांगणं, एवढंच ओळख पटवणाऱ्याचं काम. फेंडर नसलेल्या गिटारला फेंडर म्हटल्याने तिचा मान वाढत नाही. ज्यांनी ती घडवली त्यांचा हक्क तेवढा जातो. यात जपानमधले कामगार आले आणि मोटारी भरणारा तो माणूसही आला.

एक गोष्ट अजून उरली होती. दोन्ही खटके एकदम दाबले की आवाज एकाएकी पोकळ, नाकातला व्हायचा. खर्ज गायब, वरचे सूर तेवढे तरंगत राहायचे. दोन्ही पिकअपांजवळ होकायंत्र धरलं. चुंबकांची टोकं दोन्हीकडे सारखी. मग मीटर लावून पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचा आणि काटा कुठे हलतो ते बघायचं: एकावर काटा वर गेला, दुसऱ्यावर खाली. म्हणजे वेढ्यांची दिशा उलटी, किंवा दोन टोकं अदलाबदल होऊन जोडलेली. दोन्ही पिकअप एकत्र असताना तारेचा आवाज एकमेकांना कापत होता. पण त्याच कारणाने विजेची घरघरही कापली जात होती. वेढे कमी असले तरी रोध कमी असल्यामुळे तो दुबळा पिकअप दुसऱ्याला खाली खेचून बरोबरीला आणत होता. सेथ लव्हर यांच्या युक्तीचा निम्मा भाग, पूर्व भागातल्या वाइंडिंगच्या दुकानात, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना घडला होता.

पुतण्या म्हणाला, दोन तारा अदलाबदल केल्या की सुधारेल ना? सुधारेल, दोन मिनिटांचं काम. मी इस्त्री गरम करायला ठेवली.

काकांनी गिटार ओढून घेतली, दोन्ही खटके दाबले आणि नेकवर वरच्या बाजूला तीन-चार सूर छेडले. बोटं आता जड झाली आहेत, पण जागा चुकली नाही. म्हणाले, “पार्कावर दिव्यांचे डिमर लागले की सगळ्यांच्या गिटारी घूं करायच्या. माझी गप असायची. लांब बसलेला माणूस डोळे मिटूनसुद्धा सांगायचा, कोण वाजवतोय ते. हे सुधारायचं नाही.”

विक्रीचा विषय त्यांनी काढला नाही आणि आम्हीही नाही. मी इस्त्रीचं बटण बंद केलं आणि गिटारच्या आत ठेवायची चिठ्ठी लिहिली. टेइस्को-कावाई घराणं, जपान, साठच्या दशकाचा उत्तरार्ध. नेकजवळचा पिकअप मूळचा, गोल्ड फॉइल. ब्रिजजवळचा पिकअप सोलापुरात भरलेला, ०.१ मिलिमीटर तार, वार्निश. डोक्यावरचं नाव पेंटरने लिहिलेलं, सोलापूर. दोन्ही पिकअप एकत्र लावल्यावर फेज उलटा आहे. वाजवणाऱ्याच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे, कुणी बदलू नये. काकांनी चिठ्ठी वाचायला मागितली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि मोटारी भरणाऱ्या त्या माणसाचं नाव तिच्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं.